घरटे क्रमांक एक

संपादकांचा फोन आला तेव्हा मी अंगणात गहू निवडत बसले होते. म्हणाले, "बाई, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात सगळी नोकरी काढली तुम्ही. दिवाळी अंकासाठी वाघाचा एखादा थरारक अनुभव लिहा."

आता घ्या. वाघाचा माझा अनुभव असा, की तो मला दिसला, मी त्याला दिसले आणि दोघांनीही आपापली वाट धरली. तो घाबरला होता की नाही मला माहीत नाही, माझं मी सांगू शकते. पण एवढ्यात काही अंकाची पानं भरत नाहीत. म्हणून मी तितराएवढ्या एका पक्ष्याबद्दल लिहिते. त्यानं माझी जी फजिती केली, ती आठवली की मी आजही एकटीच हसत सुटते. सून विचारते, आई, काय झालं? काय सांगणार तिला.

मी वनरक्षक होते. खात्याच्या शिडीची ही सगळ्यात खालची पायरी. लोक आम्हाला गार्ड म्हणतात, मला गार्डबाई म्हणायचे. जंगलाचा एक तुकडा तुमच्या नावे केलेला असतो, तो पायी फिरायचा. झाड कुणी तोडलं का, आग कुठं लागली का, पाणवठ्यात पाणी आहे का, हे पाहायचं. आणि खुणा करायच्या. गार्डचा अर्धा जन्म खुणा करण्यात जातो. झाडाला नंबर, हद्दीच्या दगडाला चुना, पाणवठ्याला पाटी. ही सवय अशी हाडात शिरते की माझ्या स्वयंपाकघरात आजही डब्यांवर लाल रंगात आकडे आहेत. तीन नंबरमध्ये तूरडाळ. सात नंबर कुणी उघडायचा नाही, त्यात माझे पेढे असतात.

मी मूळची राजुऱ्याकडची, कोळसा आणि कापसाच्या मुलखातली. पाणी म्हटलं की विहिरीतलं किंवा नळातलं. पोहता येत नाही. अशा बाईची बदली खात्यानं कुठं करावी, तर नागभीडच्या पुढं, धानाच्या पट्ट्यात, एका अवाढव्य तलावावर. जुन्या काळी मालगुजार जमीनदारांनी शेतीसाठी बांधलेला तलाव तो. पाणी शेतकऱ्यांचं, मासोळी आणि शिंगाडा मासेमार ढिवरांचा, आणि पक्षी ज्याचे त्याचे. त्यावर खात्याच्या मनात आलं, की इथं लोकांनी पक्षी पाहायला यावं. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, एक पाटी लागली, एक मनोरा उभा राहिला आणि राजहंसाच्या आकाराची, पायडल मारायची एक पांढरीशुभ्र होडी आली. त्या सगळ्याची राखणदार मी. मला तेव्हा कावळा, चिमणी आणि कोंबडी एवढे तीन पक्षी खात्रीनं ओळखता येत होते.

मला शिकवलं सुकरूभाऊनं. सुकरूभाऊ म्हणजे तिथला म्हातारा ढिवर. तलावाच्या उथळ बाजूला त्याचा शिंगाडा. पावसाळ्यात रोपं लावायची, वेली पाण्यावर पसरतात, दसऱ्यानंतर फळं काढायची. हे सगळं काम डोंग्यात बसून. डोंगा म्हणजे खोड कोरून केलेली अरुंद होडी, त्यात तुम्ही शिंकलात तरी ती हलते. पहिल्या दिवशी मी दोन्ही कडा घट्ट पकडून डोळे मिटून बसले होते. सुकरूभाऊ म्हणाला, "बाई, डोळे उघडा. पक्षी बाहेर हायेत." तिथून आमचं शिक्षण सुरू झालं. पाण्यात शेपूट वर करून बुडतं ते कोण, शिट्टी मारत उडते ती अडई, चोचीच्या टोकाला पिवळं आणि वर लाल टिकली असलेलं ते हळदी-कुंकू बदक. वर्षभरात मी इतकी तयार झाले की आलेल्या पाहुण्यांना दटावायला लागले.

आणि पाहुणे तरी कसले एकेक. ताडोब्यात वाघ दिसला नाही म्हणून चिडलेली कुटुंबं यायची, निदान बदक तरी बघू म्हणून. एकजण केशरी शर्ट घालून आणि अत्तर लावून आला, त्याला पाहून पाणकोंबड्या दुसऱ्या तालुक्यात गेल्या असतील. एका बाईंनी विचारलं, "पक्षी किती वाजता सोडता?" म्हटलं, बाई, ते इथंच राहतात, सोडलंय तुम्हाला. सगळ्यांना एकच सांगायची: सूर्य पाठीशी ठेवा, मळकट कपडे घाला, आणि देवळात जेवढं बोलता त्याच्याहून कमी बोला.

नेमानं येणारा मात्र एकच, दिनकरभाऊ. घुग्घुसकडच्या खाणीत डंपर चालवायचा. सुटीचा दिवस आला की मोटरसायकलवर एवढं अंतर तुडवत यायचा, भुवयांपर्यंत धूळ. पाळीवर बसायचा, दुर्बीण लावायचा, डबा खायचा, परत जायचा. पहिल्यांदा मी विचारलं, भाऊ, काय पाहता एवढं? तर म्हणाला, "बगळे पाहतो जी. आमच्याकडं बगळाही पांढरा राहत नाई." मला तो माणूस तिथंच आवडला.

आता तो पक्षी. त्याला जलमयूर म्हणतात. पावसाळ्यात त्याला लांब, बाकदार, काळी शेपटी फुटते, मानेला मागून सोनेरी रंग चढतो, आणि पायाची बोटं एवढी लांब की शिंगाड्याच्या पानांवरून तो चालतो आणि पान बुडत नाही. पण खरी गंमत त्याच्या संसाराची. मादी अंडी घालते आणि दुसऱ्या संसाराला निघून जाते. अंडी उबवणं, पिलं वाढवणं, सगळं बाप करतो. एकदा बचत गटाच्या बाया आल्या होत्या, त्यांना हे सांगितलं. एवढा हशा झाला की तलावावरचे निम्मे पक्षी उडाले. मलाच रागवायला हवं होतं, पण मीच सगळ्यात मोठ्यानं हसत होते.

त्या वर्षी गणपतीच्या सुमारास सुकरूभाऊनं मला जलमयूराचं घरटं दाखवलं. दाखवलं म्हणजे काय, डोंग्याचं नाक त्या दिशेला वळवलं आणि म्हणाला, "आता समोर पाहा. बोलू नका." शिंगाड्याच्या पानांवर चार अंडी. भोवऱ्यासारखी टोकदार, चॉकलेटी, तुळतुळीत. मी आनंदानं बोट पुढं केलं, तर त्यानं वल्ह्याच्या दांड्यानं माझा हात हळूच खाली केला. "आमच्यात घरट्याले बोट दाखवत नाई." मी मनात म्हटलं, म्हातारा माणूस आहे, असतात समजुती.

त्याच आठवड्यात निरोप आला, मोठे साहेब पाहणीला येणार आहेत. तलाव त्यांच्या पसंतीला उतरला तर वर शिफारस जाणार. माझ्या डोक्यात लगेच चक्र फिरलं. साहेबांना घरटं दाखवायचं. पण एवढ्या शिंगाड्यात ते सापडणार कसं? आणि सुरक्षित तरी राहणार कसं? मी गार्ड. गार्डला एकच औषध माहीत.

सुकरूभाऊ आठवडी बाजाराला गेला होता त्या दिवशी मी राजहंस काढला. डोळ्यांसमोर आणा: नारिंगी जॅकेट घातलेली एक जाडजूड बाई, पोहता न येणारी, राजहंसाच्या पोटात बसून पायडल मारते आहे, शेजारी चार बांबू, लाल कापडाच्या चार पट्ट्या आणि पत्र्याची एक पाटी. पाळीवरून बकऱ्यासुद्धा बघत उभ्या होत्या. दोनदा मी जागच्या जागी गोल फिरले. पण घरट्याभोवती चार कोपऱ्यांना चार बांबू रोवलेच, त्यांना झेंडे बांधले, आणि एकावर माझ्या हातानं रंगवलेली पाटी लावली: घरटे क्र. १. पुढं दोन, तीनही सापडतील अशी उमेद होती. परत येताना मला इतका अभिमान वाटत होता की मी राजहंसाच्या मानेवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी सुकरूभाऊनं ते पाहिलं. बराच वेळ पाळीवर उभा राहिला. मग म्हणाला, "काढून टाका जी, बाई. कावळा बसते."

"भाऊ, सरकारी काम आहे," मी म्हटलं. हे वाक्य मी नोकरीत कितीतरी वेळा बोलले असेन, पण त्या दिवशीचं मला अजून टोचतं.

साहेब आले ते सकाळी सकाळी. माणूस कडक, पण पक्ष्यांचा खरा शौकीन. राजहंसाकडे एकदा पाहून ते म्हणाले, "यात मी बसणार नाही," म्हणून सुकरूभाऊच्या डोंग्यात निघालो. पुढं मी, मध्ये साहेब, मागं उभा सुकरूभाऊ. माझे झेंडे दुरून झळकत होते. एका बांबूवर कावळा बसला होता. मी त्याला हाकललं, मोठ्या थाटात हात केला आणि म्हटलं, "साहेब, घरटे क्रमांक एक."

पानावर एकच अंडं होतं. तिघांनी पाहिलं. तीन गायब.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "काल इथं कुणी आलं होतं?"

आणि मी, एका क्षणाचाही विचार न करता, बोलून गेले, "काल सुकरूभाऊ इथंच वेली विरळ करत होते, साहेब."

खोटं नव्हतं ते. दहा हातांवर तो काम करत होता. पण त्या जागी, त्या वेळी, त्याच्याच डोंग्यात बसून त्या वाक्याचा अर्थ काय झाला, हे मला माझंच बोलणं ऐकू आल्यावर कळलं. साहेब म्हणाले, "शिंगाड्याचं सगळं काम आजपासून बंद. संध्याकाळपर्यंत मला लेखी द्या." म्हणजे त्याचं ऐन हातातोंडाशी आलेलं पीक पाण्यात जाणार होतं, आणि त्याच्यामागं बाकीच्या ढिवरांचंही. मला मान वळवून मागं पाहायचं धाडस झालं नाही. डोंगा त्या दिवशी जेवढा अलगद चालला तेवढा कधी चालला नव्हता. एक थेंब उडाला नाही.

काठाला लागल्यावर सुकरूभाऊनं साहेबांना हात देऊन उतरवलं, मला हात देऊन उतरवलं. मग डोंगा वर ओढला आणि पालथा घातला. घरातलं कुणी वारलं तरच ढिवर असा डोंगा पालथा घालतात. तो गावाकडे निघून गेला.

साहेब जेवायला विश्रामगृहावर गेले. मी पाळीवर बसून कागद गुडघ्यावर घेतला. "सविनय सादर," इथपर्यंत लिहिलं आणि पेन पुढं जाईना. शेजारी दिनकरभाऊ दुर्बीण लावून बसला होता. त्याची सुटी होती. त्याला घडलेलं सगळं कळलं होतं. दुर्बीण न हलवता तो म्हणाला, "बाई, तुमचा पक्षी रिव्हर्स घेऊन राह्यला."

मी म्हटलं, "भाऊ, माझं डोकं ठिकाणावर नाही. थट्टा नको."

"थट्टा नाई जी. वीस वर्षं डंपर रिव्हर्स घेऊन राह्यलो, मले समजते नं. पाहा तर खरं. लोड हाय त्याच्यापाशी."

मी दुर्बीण हिसकावली. आणि बाप्पा, काय सांगू. जलमयूरानं ते उरलेलं अंडं चोच आणि छातीच्या मध्ये धरलं होतं आणि तो मागं मागं चालत होता. एक पान, दुसरं पान, तिसरं पान. मध्येच अंडं घसरलं, पाण्याला लागलं, त्यानं परत छातीशी ओढलं. पुन्हा मागं. दिनकरभाऊ शेजारून दुर्बिणीशिवायच दिशा देत होता, "डावी घे, डावी, बस बस, आता सरळ." असा माझ्या झेंड्यांपासून चांगला वीसेक हात दूर, दाट पानांत जाऊन तो थांबला, अंडं पोटाखाली सारलं आणि पंख फुगवून बसला. आधी नेलेली तीन तिथं असणार, हे मला न पाहताही समजलं. आणि त्याच वेळी माझ्या बांबूवर, नेमका पाटीवाल्या बांबूवर, कावळा परत येऊन बसला. चारी बाजूंना नजर फिरवायला त्याला मी चांगला मनोरा बांधून दिला होता.

म्हाताऱ्यानं मला दोन शब्दांत सांगितलं होतं. कावळा बसते. बिचाऱ्या पक्ष्यानं माझ्या झेंड्यांपायी घर बदललं होतं, आणि मी चोर म्हणून उभं केलं होतं ते माझ्या गुरूला.

पुढचा अर्धा तास माझ्या नोकरीतला सगळ्यात वेगवान. मी दिनकरभाऊच्या मागं मोटरसायकलवर बसले, कागद हातात फडफडत, तोंडात धूळ, आणि मी हसत होते की रडत होते ते मलाच कळेना. विश्रामगृहावर साहेब वांग्याच्या भाजीवर होते. मी दारातूनच म्हटलं, "साहेब, पक्षी रिव्हर्समध्ये गेला."

साहेबांचा घास हातातच राहिला. दिनकरभाऊनं तिथल्या तिथं, फरशीवर, ताटाशेजारचा कांदा छातीशी धरून मागं मागं चालून दाखवलं. दाराला जाऊन धडकला. साहेबांसारखा माणूस, ठसका लागेपर्यंत हसला. मग मी सांगितलं, "खुणा मी लावल्या, साहेब. सुकरूभाऊनं काढायला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. लेखी देते ते एवढंच देते." आणि उभ्या उभ्या तेवढंच लिहून दिलं. त्याबद्दल मला मेमो मिळाला. तो मी जपून ठेवला आहे, सात नंबरच्या डब्यात.

शिंगाड्याचं काम बंद करायचा हुकूम साहेबांनी तिथंच मागं घेतला. पण बांबू काढायचे तर डोंगा हवा होता. सुकरूभाऊच्या घरी गेले. तो अंगणात जाळं विणत बसला होता. वाटेत मी किती वाक्यं जुळवली होती. तोंडातून निघालं एवढंच, "भाऊ, काठ्या काढायच्या आहेत."

तो जाळं बाजूला ठेवून उठला. वाटेत म्हणाला, "अंडे हलवले त्यानं?" म्हटलं, हो. "हलवतेच. तुमी मले विचाराचं होतं, बाई." एवढंच. आवाज चढवला नाही. मला माफी मागायची होती, पण तो डोंगा सरळ करण्यात गुंतला, मग बांबू उपटण्यात, मग काठावर लोक जमले, आणि ती वेळ निघून गेली. माफी मी साहेबांपुढं मागितली होती. ज्याची मागायची, त्याची राहून गेली.

दसऱ्याच्या आधी साहेब सुटीच्या दिवशी परत आले, आपल्या आईला घेऊन. सुकरूभाऊनं डोंग्याचं नाक वळवलं आणि कुणीच बोट दाखवलं नाही. समोर जलमयूर उभा होता. साहेबांच्या आई कुजबुजल्या, "अरे, याला पाय किती आहेत?" खरंच, त्याच्या पंखांखालून पायांचा घोस लोंबत होता. साहेब मोजू लागले, "दोन, चार, सहा... दहा?" तेवढ्यात पक्ष्यानं पंख सैल सोडले आणि चार कापसाचे गोळे टपाटप पानांवर पडून चार दिशांना पळाले. बाप पिलांना पंखात धरून नेतो, पाय तेवढे बाहेर राहतात. त्या म्हाताऱ्या बाईंनी तोंडावर पदर धरला आणि खुदुखुदु हसत सुटल्या, त्यांच्यामुळं मी, माझ्यामुळं साहेब, आणि डोंगा असा हलायला लागला की सुकरूभाऊ ओरडला, "बसा नं चुपचाप, बुडता काय आता?"

मी तिथं त्यानंतर बरीच वर्षं काढली. निवृत्त झाले आणि राजुऱ्याला आले, मुलानं बांधलेल्या नव्या घरात. निरोपाच्या दिवशी तलावावर सगळे भेटले, सुकरूभाऊ तेवढा आजारी होता, भेट झाली नाही. ते एक बोचत राहिलं.

गेल्या हिवाळ्यात दुपारी फाटक वाजलं. पाहते तर सुकरूभाऊ. दोन एसट्या बदलून, विचारत विचारत आलेला. खांद्यावर शिंगाड्यांची पिशवी, धाप लागलेली. मी पाणी आणलं, त्याला खुर्चीत बसवलं आणि यावेळी वाक्यं जुळवत बसले नाही. म्हटलं, "भाऊ, त्या दिवशी डोंग्यात मी तुमचं नाव घेतलं. चुकलं माझं. माफ करा."

त्यानं पाणी संपवलं. "लय वर्षांनी आठवलं, बाई."

"रोज आठवायचं."

"मंग रोज काऊन नाई बोलल्या?" म्हणाला आणि बोळकं उघडून हसला. माझे डोळे भरून आले होते आणि मीही हसत होते. मग त्यानं पिशवीत शिंगाड्यांच्या तळाशी हात घातला आणि पत्र्याची एक पाटी काढली. रंग उडालेला, कोपरे गंजलेले, पण अक्षर माझंच: घरटे क्र. १. इतकी वर्षं त्यानं ती घरी ठेवली होती.

"तुमच्या घराले नंबर नाई," तो म्हणाला, "शोधाले लय तरास झाला." खिशातून दोन खिळे काढले, अंगणातला दगड उचलला, पाटी दाराशेजारी भिंतीला लावली आणि थांबला. वळून माझ्याकडे पाहिलं. "ठोकू काय, बाई, इथी?"

त्यानं विचारलं. त्याच्या पाण्यात चार बांबू रोवताना मी नव्हतं विचारलं.

म्हटलं, "ठोका, भाऊ. जरा सरळ ठोका."